दिवाळीच्या साफसफाईतच उंदराची वाट बुजवा



हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचा मेसेज परवा येईल. आजचा विषय वावरातला नाही, घरातला आहे. मेसेज लांब आहे, सवडीने वाचा. घरातल्या बायामाणसांना वाचून दाखवा, कारण कोठी, डबे, उतरंड आणि माळा यांची खरी माहिती त्यांनाच असते.

सोयाबीन निघालं. बनीम लागली, मळणी झाली, कट्टे घरात आले. भाव बघून विकू म्हणून बऱ्याच जणांनी माल समोरच्या खोलीत थप्पी मारून ठेवलाय. बाहेर मात्र वावर मोकळं झालंय. महिन्याभरापूर्वी उंदराला बांधाबांधाला दाणा होता, आडोसा होता. आता दोन्ही गेलं, वरून रात्री थंडी पडायला लागली. मग तो वस्तीकडे सरकतो. घरातले उंदीर तर बारा महिने असतातच, त्यात ही भर. म्हणून दसरा ते दिवाळी हे तीन आठवडे महत्त्वाचे. याच दिवसांत आपण घर झाडतो, सामान हलवतो, भिंती सारवतो. त्याच कामात थोडी भर घातली तर वर्षभराची कटकट कमी होते.

गेल्या दोन आठवड्यांत मी आपल्या गटांतल्या सभासदांच्या घरी माल बघायला फिरले. उंदराचं काय करता, असं विचारलं की दहातल्या आठ घरी एकच उत्तर: "औषध टाकतो की!" औषध म्हणजे विष. आणि त्याच घरांच्या पत्र्याखाली हात जाईल एवढ्या फटी. एक उंदीर मेला की त्याच वाटेने दुसरा येतो. विष दर दोन महिन्यांनी विकत आणायचं आणि भोक तसंच ठेवायचं, हा हिशोब मला तरी पटत नाही.

*आधी ओळखा, कोण आहे ते*

लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकाला बारीक असतील तर छोटा घरउंदीर. अर्धा इंच किंवा त्याच्या आसपास असतील तर मोठा काळपट उंदीर, जो आढ्यावर, माळ्यावर, वायरीवरून फिरतो. आणि गोठ्याच्या कडेला, न्हाणीच्या मागे मातीचा ढीग उकरून बीळ पाडलेलं दिसलं तर ती घूस. घूस पाया पोखरते, उंदीर छत धरतो, घरउंदीर फडताळात आणि पोत्यांत राहतो. तिघांचा बंदोबस्त वेगळा.

चिचुंद्रीला यात धरू नका. लांब नाकाची, वास मारणारी, भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळणारी ती उंदीर नाही. झुरळं, किडे खाते. तिला हाकलायचं तर हाकला, पण तिच्यासाठी विष टाकायची काहीच गरज नाही.

लेंड्या जुन्या की ताज्या हे कळत नसेल तर रात्री झोपताना भिंतीच्या कडेने राखेचा किंवा रांगोळीचा पातळ पट्टा मारा. सकाळी पावलं दिसतात, कुठून आला आणि कुठे गेला ते दिसतं. भिंतीवर, वाशावर काळपट तेलकट डाग असेल तर ती त्याची रोजची वाट. उंदीर खोलीच्या मधून फिरत नाही, भिंतीला अंग घासत चालतो. ही एक सवय लक्षात ठेवली तर पुढचं अर्धं काम सोपं होतं.

*पेन्सिल आणि अंगठा*

भोक केवढं मोठं हवं? साधी मोजणी सांगते. ज्या फटीत पेन्सिल जाते, म्हणजे पाव इंच, त्यातून छोटा घरउंदीर जातो. ज्यात अंगठा जातो, म्हणजे अर्धा इंच, त्यातून मोठा उंदीर जातो. डोकं गेलं की बाकीचं अंग तो ओढून घेतो. म्हणून खिशात पेन्सिल ठेवा आणि घराला एक फेरी मारा. दिवसा दारं-खिडक्या लावून, दिवा बंद करून आत उभं राहिलं तर उजेडच दाखवतो फट कुठे आहे. माझ्या मते ही तपासणी पोरांना द्यावी, त्यांना मजा वाटते आणि त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात.

आपल्याकडच्या घरांत ठराविक जागा सापडतात. पत्र्याच्या घरात सगळ्यात मोठी चूक पत्रा आणि भिंत मिळते तिथे असते. पत्र्याला नाळ्या असतात, भिंत सपाट असते, त्यामुळे प्रत्येक नाळीखाली एक अर्धगोल भोक राहतं. एका खोलीला अशी पंचवीस-तीस भोकं. गवंडी तिथे हात मारत नाही, कारण खालून दिसत नाही. तिथे कागद, चिंध्या, थर्माकोल कोंबू नका, उंदीर त्याचंच घरटं करतो. प्रत्येक नाळीत आधी बारीक तारेची जाळी चेपून बसवायची आणि वरून सिमेंट-वाळूचा माल भरायचा. नाळ्या भरायला एका खोलीला अर्धा दिवस लागतो. पाडव्याला नवीन पत्रे टाकणार असाल तर गवंड्याला आत्ताच सांगून ठेवा.

माळवदाच्या घरात ही भोकं नसतात, पण मातीची भिंत पोखरता येते. तिथे नुसत्या मातीने बीळ लिंपलं तर दुसऱ्या रात्री परत उघडं. बिळात आधी काचेचे तुकडे आणि बारीक खडी ठासून भरा, मग वरून सिमेंट. काच भरताना हातात जाड पिशवी घाला. काच दाताला लागते म्हणून उंदीर तिथे परत उकरत नाही. जुन्या वाड्यांत कडीपाटाच्या वर पोकळी असते, तिथपर्यंत पोचणं अवघड. तिथे निदान भिंतीतून कडीपाटात जाणाऱ्या फटी बंद करा.

मग दार. लाकडी दाराची खालची कड झिजलेली असते, कोपरा तर कुरतडून गोल झालेला. दाराच्या खालच्या बाजूला बाहेरून चार-सहा इंच रुंद गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी ठोका आणि उंबऱ्यापासून फट पाव इंचाच्या आत आणा. उंबरा खचला असेल तर तोच थोडा उचलून घ्या. रबराची, फोमची पट्टी पाल-झुरळाला चालते, उंदराला नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. रबर, प्लास्टिक, ओलं लाकूड हे त्याला सोपं पडतं.

खिडकीला डासांची नायलॉन जाळी असते, ती उंदीर एका रात्रीत फाडतो. पाव इंची तारेची जाळी लावा. न्हाणीची आणि मोरीची वाट तर सगळेच विसरतात. सांडपाण्याचा पाइप थेट शोषखड्ड्यात नाहीतर उघड्या नालीत सुटलेला असतो आणि घूस तिथूनच मोरीत येते. पाइपच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवा, पण स्क्रूने, म्हणजे कचरा अडकला की काढून साफ करता येईल. पाण्याचा पाइप, विजेची वायर, डिशची केबल भिंतीतून आत येते त्या जागी गोल फट राहिलेली असते. तिथे भांडी घासायची तारेची घासणी दाबून भरा आणि वर सिमेंट ओढा.

आणि घराच्या मागची भिंत. पऱ्हाटी, तुराट्या, सरपण, जुनी कौलं, विटा, फाटके कट्टे, सगळं भिंतीला टेकवून ठेवलेलं. उंदराला याहून चांगली जागा कुठे मिळणार? गंज भिंतीपासून तीन-चार हात लांब रचा, जमल्यास दगडांवर फळ्या टाकून. पत्र्यावर टेकलेली लिंबाची, बोरीची फांदी तोडा. मोठा उंदीर फांदीवरून, वायरीवरून सहज उतरतो, उडीही लांब मारतो. फांदी आणि पत्रा यांच्यात चार फुटांचं अंतर ठेवा.

*माल कसा ठेवायचा*

मोठा उंदीर दिवसाला साधारण २० ते २५ ग्रॅम धान्य खातो. दहा उंदीर धरले तर दिवसाला पाव किलो, सहा महिन्यांत ४५ किलो. म्हणजे जवळपास एक कट्टा गेला. पण खाल्लेल्यापेक्षा नासवलेलं जास्त असतं. मूत, लेंड्या, केस, फाटलेल्या पोत्यातून सांडलेला माल. कंपनीच्या संकलन केंद्रावर अशा मालात काडीकचऱ्यासोबत लेंड्या दिसल्या की कटती लागते, आणि ती लावताना आम्हालाही बरं वाटत नाही.

थप्पी भिंतीला टेकवू नका. चारी बाजूंनी दीड-दोन फूट जागा सोडा, म्हणजे मागे जाऊन बघता येईल, झाडता येईल. खाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट टाका. थप्पीच्या मागे अंधारात काय चाललंय हे ज्या घरात दिसत नाही, त्या घरात उंदीर सुखाने पिल्लं घालतो. मादी तीन आठवडे गाभण असते आणि एका वेळी पाच-सात पिल्लं देते. छोट्या घरउंदराची पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः पिल्लं द्यायला तयार होतात. दिवाळीला शिरलेल्या एका जोडीचं गुढीपाडव्यापर्यंत काय होईल, ते मोजत बसायला नको.

खायची ज्वारी, गहू, डाळ पत्र्याच्या कोठीत ठेवा. हापूर कोठी म्हणून जी मिळते ती चांगली, फक्त खालच्या काढणीच्या तोंडाचं झाकण घट्ट बसतं का ते बघा. कणगी वापरायची असेल तर शेणामातीने लिंपलेली कणगी किड्याला अडवते, उंदराला नाही. ती उंच ओट्यावर ठेवा आणि तिच्या पायांना पत्र्याचे उलटे शंकू बसवा.

सोयाबीनचं बियाणं मात्र कोठीत कोंडू नका. पुढच्या खरिपाला घरचं बियाणं वापरणार असाल तर ते ज्यूटच्या पोत्यात, हवा लागेल असं ठेवायला लागतं. पोती आपटायची नाहीत, थप्पी उंच करायची नाही. सोयाबीनच्या बियाचं वरचं साल फार नाजूक, ते गेलं की उगवण गेली. उंदराने नुसतं कुरतडलेलं, न खाल्लेलं बीही उगवत नाही. म्हणून बियाण्याची खोली हीच घरातली सगळ्यात आधी बंदिस्त करायची खोली. सगळं घर एकदम जमत नसेल तर ही एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढं तरी करा.

*स्वयंपाकघरातली नळी*

हे वेगळं लिहिते कारण परवाच एका घरी बघितलं. गॅसच्या शेगडीखाली रबराची नळी, तिच्यावर दातांचे ताजे ओरखडे. ताईंना पत्ता नव्हता. उंदराने नळीला भोक पाडलं आणि पहाटे अंधारात कोणी दिव्याचं बटण दाबलं तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. आत तार असलेली नारिंगी सुरक्षा नळी गॅस एजन्सीकडे मिळते, तीच वापरा आणि तिच्यावर छापलेली मुदत बघा. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करा, रोज. गॅसचा वास आला तर बटण लावायचं नाही, काढायचंही नाही. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या नंबरला फोन लावा.

वायरीचंही तसंच. माळ्यावरच्या उघड्या वायरी पाइपातून घ्या. मोटारीच्या स्टार्टर पेटीत वायर शिरते ते भोक बंद करा. उंदीर, पाल आत जाऊन शॉर्ट झाला की पेटी जळते, आणि ऐन पाणी द्यायच्या वेळी जळते.

*विषाचं*

आता ज्यावरून वाद होतो ते. मी विषाच्या सरसकट विरोधात नाही. पण घरात विष ही शेवटची पायरी, आणि काही विषं तर घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचीच नाहीत.

पहिली धान्यातली गोळी, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईड. गावात ती सहज मिळते, म्हणून ती साधी वाटते. तिच्यातून निघणारा गॅस जड असतो, जमिनीलगत पसरतो, दाराखालून शेजारच्या खोलीत जातो. पोत्यांत गोळ्या टाकल्या आणि त्याच घरात माणसं झोपली, सकाळी लेकरं उठली नाहीत, अशा बातम्या पेपरात येत राहतात. ही गोळी सामान्य माणसाने घरात वापरायला कायद्याने परवानगीच नाही. ती सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रणवाल्यांसाठी आहे, तीही बंद गोदामासाठी. घरात पडून असेल तर रिकाम्या डब्यात ठेवून विसरू नका, पाण्यात टाकू नका, उघडू नका. मला कळवा, काय करायचं ते सांगते.

दुसरी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, ट्यूबमधून येते, भाकरीला लावतात. तिच्यावर उतारा नाही. खाणाऱ्या माणसाला पहिला एखाद-दोन दिवस बरं वाटतं आणि मग लिव्हर निकामी होतं. स्वस्त आहे म्हणून आणू नका.

तिसरं झिंक फॉस्फाईड, काळपट राखाडी पावडर, लसणासारखा वास. शेतातल्या बिळांसाठी याची शिफारस आहे: भरड धान्य ९६ भाग, गोडंतेल २ भाग, पावडर २ भाग. आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल लावलेलं धान्य बिळात टाकून चटक लावायची, मग विषाचं. पण ते वावरातल्या बिळात, आणि घालून झालं की बीळ बुजवायचं. घरात नाही. हे मिश्रण घरातल्या परातीत, जेवणाच्या डब्यात कालवू नका. हातमोजे घाला.

घरात फारच गरज पडली तर ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या. याने उंदीर लगेच मरत नाही, रक्त गोठणं थांबून चार-सहा दिवसांनी मरतो. म्हणून बाकीच्या उंदरांना संशय येत नाही. माणसासाठी दवाखान्यात उतारा आहे. तरी वडी उघड्यावर ठेवायची नाही. दोन बाजूंनी अंगठ्याएवढी भोकं पाडलेल्या डब्यात किंवा पाइपच्या तुकड्यात तारेने बांधून, लेकरांचा आणि कुत्र्या-मांजराचा हात-तोंड जाणार नाही अशा जागी. मेलेले उंदीर रोज शोधून खोल पुरा. विष खाल्लेला उंदीर मांजराने, घुबडाने खाल्ला तर तेही मरतं.

भजं, लाडू, पेढा, पिठाचा गोळा, यात विष घालून ठेवायची पद्धत बंद करा. घरात तीन वर्षांचं पोर असेल आणि फडताळाखाली भजं असेल, तर ते पोराला दिसणारच. कोणाच्या पोटात विष गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका. दूध, तूप, मिठाचं पाणी काही नको, उलटी काढायची नाही. १०८ ला फोन लावा आणि विषाचं पाकीट सोबत न्या. कुठलं विष आहे हे कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

*मग पकडायचं कशाने*

पिंजरा आणि चाप. जुनंच, पण लावायची पद्धत चुकते म्हणून लोक नाव ठेवतात. एक पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवून काही होत नाही. सात-आठ चाप एकाच रात्री, भिंतीच्या कडेला, तोंड भिंतीकडे करून. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री चाप न ताणता नुसतं खाणं ठेवा, त्याला सवय होऊ द्या, मग ताणा. छोटा घरउंदीर उलटा, त्याला नवीन वस्तूची उत्सुकता असते, तो पहिल्या रात्रीच सापडतो. खाण्यात भाजलेलं खोबरं, शेंगदाणा चिक्की, सुकट. चिक्की दोऱ्याने बांधा, नाहीतर तो चाप न उडवता उचलून नेतो. लोखंडी चाप लेकरांच्या वाटेत ठेवू नका.

क्रम असा ठेवा: दिवसा सगळी भोकं बुजवा, डबे झाका, खरकटं काढा, आणि त्याच रात्री चाप लावा. आत कोंडलेला उंदीर उपाशी असतो, लवकर सापडतो. घर बंद करून मग विष टाकलं तर तो आढ्यात मरतो आणि ऐन लक्ष्मीपूजनाला वास सुटतो.

चिकट पॅडबद्दल विचारतात. मी सांगत नाही. पाली, चिमण्या, कधी सापसुद्धा चिकटतो, आणि उंदीर तासन्‌तास तडफडतो. प्लगमध्ये लावायचं आवाजाचं यंत्र, त्यावर पैसे घालू नका, उंदराला त्याची सवय होते. डांबरगोळ्या धान्यात टाकायच्या नाहीत. गणपतीचं वाहन म्हणून मारायचं नाही असं ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी तर भोकं बुजवणं हाच उत्तम मार्ग, त्यात कोणाला मारावंच लागत नाही.

धामण दिसली तर मारू नका, ती बिनविषारी आहे आणि उंदरांवरच जगते. गव्हाणी घुबडाला अशुभ म्हणून दगड मारतात. ते रात्रभर तुमच्याच वावरातले उंदीर उचलतं.

पण उंदरामागे नाग आणि घोणसही येतात, आणि विटांच्या ढिगात, बिळात मण्यार दडून बसते. मण्यार रात्री फिरते, खाली झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. अशा वेळी मांत्रिक, पाला, चिरा देणं यात एक मिनिटही घालवू नका, थेट सरकारी दवाखाना. बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. घराभोवतीचा उंदीर कमी झाला की सापाचं येणंही कमी होतं.

*ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी*

आपल्या भागातली बरीच कुटुंबं आता कारखान्याला निघतील. घर पाच-सहा महिने बंद, आत वर्षाची ज्वारी. म्हातारी माणसं असली तरी एका खोलीत. ही बंद घरं म्हणजे गावातल्या उंदरांचं कोठार.

१९९४ चं उदाहरण वडीलधाऱ्यांना आठवत असेल, माझा जन्म त्यानंतरचा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर भीतीने लोक घरं सोडून बाहेर राहिले, धान्य आतच राहिलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. रिकाम्या घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले आणि त्यांच्यासोबत पिसवा, असं कारण तेव्हा अभ्यासकांनी मांडलं. आता तसं होईल म्हणून घाबरवत नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: कारण नसताना घरात उंदीर मरून पडायला लागले आणि पिसवा चावायला लागल्या, तर हाताने उचलू नका, आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात कळवा.

निघण्याआधी धान्य कोठीत भरा, नाहीतर भावकीत ठेवा, पण उघड्या पोत्यात बंद घरात सोडू नका. अंथरुणं, गोधड्या पेटीत घाला. मोरीचं तोंड बंद करा, शिळं अन्न, पेंड, कोंडा काही मागे ठेवू नका. परत आल्यावर घर लगेच कोरडं झाडायचं नाही. दारं-खिडक्या तासभर उघडी टाका, तोंडाला रुमाल बांधा, लेंड्यांवर फिनेल किंवा ब्लिचिंग पावडरचं पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. कोरड्या लेंड्यांची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. पायाला जखम असेल तर चप्पल-बूट घालूनच काम करा, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो आणि तो जखमेतून अंगात शिरतो.

तिकडे कोपीतही पोराला खाली निजवताना तोंड-हात धुवून निजवा. दुधाच्या वासाने उंदीर लहान लेकरांची बोटं, ओठ चावतो.

*जाळीची नोंदणी*

पाव इंची तारेची जाळी आणि पत्र्याच्या पट्ट्या कंपनीतर्फे एकत्र मागवायच्या आहेत, सुट्ट्या घेण्यापेक्षा स्वस्त पडतील. खिडक्या, मोरी आणि पत्र्याखालची लांबी टेपने फुटांत मोजा आणि गावाचं नाव, गटाचं नाव, माप असं लिहून याच नंबरवर गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. लिहिता येत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मापं आधी घेणार आहोत, त्यांनी नावापुढे तसं सांगावं. दर शुक्रवारी गटप्रमुखांकडे कळेल.

आपली,
कृषी सल्लागार